नाटक आणि मालिका : अभिनेत्रीच्या कारकिर्दीची आखणी

मराठी अभिनेत्रीची कारकीर्द साधारणपणे तीन वाटांनी सुरू होते : बालनाट्य, महाविद्यालयीन एकांकिका आणि हौशी संस्थांची राज्य नाट्य स्पर्धा. ऑडिशन देऊन थेट मालिकेत येणाऱ्या मुली आता बऱ्याच आहेत. तरीही पंचवीस-तीस वर्षे टिकलेल्या अभिनेत्रींकडे पाहिले तर बहुतेकींची मुळे या तीन ठिकाणी सापडतात. मालिका काम देते, पैसे देते, घराघरांत चेहरा पोहोचवते. शिकवायला मात्र तिच्याकडे वेळ नसतो. रोज एक भाग पुरा करायचा असतो, त्यामुळे कलाकाराने तयार होऊनच सेटवर यावे अशी अपेक्षा असते. ही तयारी नाटकात होते आणि ती टिकवण्यासाठी अधूनमधून नाटकात परतावे लागते. नाटकाच्या उत्पन्नावर वर्षभर घर चालवणे मोजक्याच अभिनेत्रींना जमते, हेही तितकेच खरे. म्हणून दोन्ही माध्यमे एकाच कारकिर्दीत कशी बसवायची, याचा विचार पहिल्या मालिकेच्या आधीच झालेला बरा.

सुरुवात

बालनाट्याची वाट आता अरुंद झाली आहे, पण तिचे मोल कमी झालेले नाही. सुधा करमरकर यांच्या 'लिटल थिएटर'ने मुलांसाठी मोठ्यांच्या तोडीची नाटके उभी केली. भक्ती बर्वे यांची सुरुवात तिथली. 'आविष्कार' या नाट्यसंस्थेच्या 'चंद्रशाला' या बालविभागाने आणि त्यांच्या 'दुर्गा झाली गौरी' या नृत्यनाट्याने कितीतरी मुलींना लहानपणीच रंगमंचाची सवय लावली. विंगेत आवाज न करता उभे राहणे, दुसऱ्याचे वाक्य संपेपर्यंत ऐकणे, चूक झाली तरी न थांबता पुढे जाणे, या गोष्टी दहाव्या वर्षी अंगी बाणल्या की विसाव्या वर्षी वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत.

मुलीला लहान वयात मालिकेत काम मिळत असेल तर पालकांनी कायदा माहीत करून घ्यावा. बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसात 5 तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त वेळ थांबवून ठेवता येत नाही. चित्रीकरणासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाच्या उत्पन्नातला किमान 20 टक्के वाटा राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. शाळा बुडू न देण्याची जबाबदारी निर्मात्यावर आहे, पण ती पार पडते की नाही हे बघायला सेटवर घरचे माणूस हवेच.

एकांकिका स्पर्धा ही सर्वांत मोठी शाळा. पुण्यातल्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने 1963 मध्ये सुरू केलेला पुरुषोत्तम करंडक, मुंबईतली आयएनटीची स्पर्धा, चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका, शिवाय जिल्ह्याजिल्ह्यांतल्या स्पर्धा, असा मोठा पसारा आहे. दोन-तीन वर्षे या स्पर्धांत घालवणाऱ्या मुलीला पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट मिळते : सोबती. पुढे लेखक, दिग्दर्शक, कास्टिंग करणारे किंवा वाहिनीत काम करणारे होतात ते याच तालमीतले लोक, आणि कोण वेळेवर येते, कोण तालीम बुडवते हे त्यांनी जवळून पाहिलेले असते. त्यामुळे या वर्षांत केवळ नायिकेच्या भूमिकेचा हट्ट धरू नये. नेपथ्य उचलावे, प्रकाशयोजनेच्या टेबलापाशी बसावे, प्रॉम्प्टिंग करावे. प्रकाश कुठून पडतो हे कळलेली अभिनेत्री रंगमंचावर अंधारात उभी राहत नाही.

एकांकिकेतून व्यावसायिक रंगभूमीचा दरवाजा कसा उघडतो, याचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे प्राजक्त देशमुख यांचे 'संगीत देवबाभळी'. आधी एकांकिका म्हणून गाजलेली ही संहिता 2017 मध्ये 'भद्रकाली' या निर्मिती संस्थेने दोन अंकी नाटक म्हणून रंगमंचावर आणली. आवली आणि रखुमाई या दोनच भूमिका, आणि शुभांगी सदावर्ते व मानसी जोशी या दोन अभिनेत्रींनी गाण्यासह ते सगळे नाटक पेलले. मोठे नाव नसतानाही प्रेक्षक तिकीट काढून येतात, मात्र गाणे, उच्चार आणि अभिनय तिन्ही पक्के असावे लागतात.

मुंबई-पुण्याबाहेरच्या मुलींनी आपल्या गावातला गट कमी लेखू नये. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) 'जिगीषा' या गटातून प्रतीक्षा लोणकर आल्या. 1991 च्या 'चारचौघी'त त्यांनी काम केले आणि पुढे दूरदर्शनच्या 'दामिनी' या मालिकेने त्यांचे नाव घरोघरी गेले. लेखक प्रशांत दळवी आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी हेही त्याच गटातले. गट एकत्र वाढला की त्यातल्या प्रत्येकाला एकमेकांचा आधार होतो. विदर्भात झाडीपट्टी रंगभूमी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागांत दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि रात्री लागलेले नाटक पहाटेपर्यंत चालते. तिथे एका हंगामात जितके प्रयोग होतात तितके शहरातल्या प्रायोगिक अभिनेत्रीला काही वर्षांतही मिळत नाहीत.

शिक्षण

औपचारिक शिक्षण सक्तीचे नाही, पण ज्यांना ते घेता येईल त्यांनी घ्यावे. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 मध्ये स्थापन झाले. तिथला तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण वेळ, निवासी आहे. रोहिणी हट्टंगडी, सुहास जोशी, ज्योती सुभाष, अमृता सुभाष या तिथे शिकल्या. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग हे प्रमुख पर्याय आहेत. मुक्ता बर्वे ललित कला केंद्राच्या. गोव्यात पणजीच्या कला अकादमीचे नाट्य विद्यालय आहे. कॅमेऱ्यासमोरच्या अभिनयासाठी पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट. या सगळीकडे प्रवेशासाठी चाचणी आणि मुलाखत असते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात पदवीबरोबर नाटकांत काम केल्याचा अनुभवही मागतात, म्हणून केलेल्या प्रत्येक प्रयोगाचे प्रमाणपत्र आणि कात्रण जपून ठेवावे.

आठवड्यात किंवा महिन्यात 'अभिनेत्री बनवणाऱ्या' महागड्या कार्यशाळांबाबत सावध राहावे. कार्यशाळा घेणाऱ्याने स्वतः काय काम केले आहे, आधीच्या तुकडीतल्या मुली आज काय करतात, हे विचारायला संकोच करू नये. 'कोर्स संपल्यावर मालिकेत काम नक्की' असे जिथे सांगितले जाते तिथून सरळ परत यावे.

नोकरी सांभाळून नाटक करणे हाही मान राखण्याजोगा मार्ग आहे. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये लीला बेणारे साकारणाऱ्या सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. भक्ती बर्वे मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत. महिन्याचा पगार ठरलेला असला की वाईट नाटकाला नाही म्हणता येते, आणि तरुण अभिनेत्रीसाठी हे स्वातंत्र्य फार मोलाचे आहे.

आवाज आणि भाषा

अभिनेत्रीचे सर्वांत टिकाऊ भांडवल म्हणजे तिचा आवाज. चेहरा वयाबरोबर बदलतो, भूमिका बदलतात. नीट सांभाळलेला आवाज सत्तरीपर्यंत साथ देतो. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासारख्या हजाराच्या आसपास आसनांच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला कुजबुजसुद्धा ऐकू जायला हवी. ती ओरडून जात नाही. पोटातून घेतलेला श्वास, वाक्याच्या शेवटच्या शब्दापर्यंत पुरवलेली हवा आणि स्पष्ट व्यंजने यांच्या जोरावर ती पोहोचते. नवख्या अभिनेत्रीचे वाक्य बहुधा शेवटी पडते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे शेवट पडला की अर्थच पडतो. 'मी तिथे गेले होते' आणि 'मी तिथे गेले नव्हते' यांतला फरक शेवटच्या शब्दात आहे. तोच ऐकू आला नाही तर पुढचा प्रसंग प्रेक्षकाच्या हातून निसटतो.

रोज अर्धा तास मोठ्याने वाचन हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा रियाज. देवल, गडकरी यांच्या नाटकांतली लांबलचक वाक्ये श्वास शिकवतात. तेंडुलकरांचे तुटक संवाद थांबणे शिकवतात. 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च, 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न' यांचे उच्चार ध्वनिमुद्रित करून स्वतःच ऐकावेत. प्रमाण मराठी शुद्ध हवी, आणि तिच्याबरोबर निदान एक बोली अस्सल हवी. कोल्हापूर, सातारा, मालवण, विदर्भ, खानदेश इथल्या पार्श्वभूमीच्या मालिका सतत येत असतात. घरात वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलीला 'भाषा सुधार' असा सल्ला पुष्कळजण देतात. तिने प्रमाण भाषा जरूर शिकावी, पण घरची बोली घासून टाकू नये. पुढे तीच तिला भूमिका मिळवून देते.

घसा बसला असताना प्रयोग रेटण्याची रंगभूमीवर सवय आहे. एखादा प्रयोग तसा करावा लागतो. मात्र आठवडाभर आवाज परत आला नाही तर काढे आणि खडीसाखर पुरे करून कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. स्वरतंतूंवरच्या गाठी वेळेवर कळल्या तर पुष्कळदा विश्रांती आणि व्यायामाने जातात. आवाज कमावलेल्या अभिनेत्रीला आकाशवाणीची नाट्य श्रुतिका, डबिंग, ऑडिओ पुस्तके, जाहिरातींचे व्हॉइस ओव्हर अशी कामेही मिळतात. मालिका बंद पडल्यावरच्या रिकाम्या महिन्यांत हीच कामे घरभाडे भरतात.

व्यावसायिक नाटक

व्यावसायिक नाटकात मानधन प्रयोगावर मिळते. त्याला 'नाइट' म्हणतात. तालमी महिना-दीड महिना चालतात आणि बहुतेक ठिकाणी तालमीचे वेगळे पैसे नसतात. म्हणजे नाटक स्वीकारताना सुरुवातीचे दीड-दोन महिने उत्पन्नाशिवाय काढण्याची सोय हवी. प्रयोग शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी जास्त होतात : दुपारी ठाण्याचे गडकरी रंगायतन, रात्री दादरचे शिवाजी मंदिर, असे एका दिवसात दोन प्रयोगही होतात. नाइट किती, दौऱ्यावर भत्ता किती, राहण्याची सोय कशी, प्रयोग रद्द झाला तर काय, आणि किती दिवस आधी तारखा कळणार, हे नाटकाच्या सूत्रधाराशी मुहूर्तापूर्वीच बोलून घ्यावे. नाट्यव्यवसायात अजूनही बरेच काही तोंडी ठरते. तोंडी ठरले तरी ठरलेले मुद्दे त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवावेत आणि 'हो' असे उत्तर मागावे. यात अविश्वास नाही. दोन्ही बाजूंना पुढे आठवण राहते.

चालू नाटकात दुसऱ्या अभिनेत्रीच्या जागी उभे राहण्याची संधी आली तर ती कमीपणाची मानू नये. रिप्लेसमेंट म्हणून उभे राहणे ही कठीण परीक्षा आहे. चार-पाच दिवसांत संहिता पाठ करायची, आधीच्या कलाकाराच्या जागा, हालचाली आणि हशाच्या जागा सांभाळायच्या आणि त्यात आपले काही हळूहळू आणायचे. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'त 1975 मध्ये भक्ती बर्वे यांनी मंजुळा उभी केली; नंतर सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनीही ती केली. गाजलेल्या भूमिकेची छाया मोठी असते हे खरे, पण मोठी भूमिका एकाच अभिनेत्रीपाशी थांबत नाही, हेही यातून दिसते.

मालिका

आता मालिकांची निवड बहुतेक वेळा मोबाइलवर चित्रित करून पाठवलेल्या ऑडिशनवरून सुरू होते. मागची भिंत साधी, उजेड समोरून, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणि आवाज स्वच्छ, एवढे पुरते. सुरुवातीला नाव, वय, उंची आणि राहण्याचे ठिकाण सांगतात. मेकअप कमी ठेवावा. निवडणाऱ्याला चेहरा बघायचा असतो. पुढच्या टप्प्यावर लूक टेस्ट आणि मॉक शूट होते, मग वाहिनीची मंजुरी. या प्रवासात नकार इतक्या कारणांनी येतो की त्याचा अभिनयाशी संबंध जोडत बसण्यात अर्थ नाही. नायकाच्या उंचीशी जोडी जमली नाही, म्हणूनही भूमिका जाते.

ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी किंवा 'पोर्टफोलिओ आमच्याकडूनच करून घ्या' म्हणून कुणी पैसे मागितले तर तो माणूस काम देणारा नाही. वाहिनीच्या नावाने येणारे संदेश त्या निर्मिती संस्थेच्या कार्यालयात फोन करून पडताळावेत. ऑडिशन हॉटेलच्या खोलीत किंवा कुणाच्या घरी असेल तर जाऊ नये, गेल्यास सोबत कुणीतरी असावे.

कराराचा मसुदा मिळाला की तो घरी आणून वाचावा, शक्य तर वकिलाला दाखवावा. मुख्य भूमिकेच्या करारात काही कलमे कारकिर्दीची दिशा ठरवतात. मालिका चालू असेपर्यंत दुसरी मालिका, जाहिरात, वेब सिरीज करता येईल का? नाटक करता येईल का? महिन्याला किमान किती दिवसांचे काम मिळेल? मालिका सोडायची असेल तर किती दिवसांची सूचना, आणि वाहिनीला काढायचे असेल तर किती? केस कापणे, वजन यांवर बंधन आहे का? यांतले नाटकाचे कलम सर्वांत महत्त्वाचे. महिन्यातले दोन-तीन रविवार नाटकासाठी सोडण्याची मुभा करारात लिहून घेतली तर पुढे प्रत्येक प्रयोगासाठी विनवण्या कराव्या लागत नाहीत. मालिका सुरू झाल्यावर हे मागणे अवघड जाते; करारावर सही होण्यापूर्वी अभिनेत्रीच्या शब्दाला जो भाव असतो तो नंतर बराच काळ येत नाही.

सेटवरचा दिवस बारा तासांचा, कधी जास्त. स्टुडिओ घोडबंदर, मीरा रोड, नायगाव, मढ किंवा गोरेगावच्या चित्रनगरीत असतो, त्यामुळे दादर किंवा डोंबिवलीत राहणाऱ्या मुलीचे तीन-चार तास प्रवासात जातात. घर भाड्याने घेताना हा हिशेब आधी करावा. सातारा-कोल्हापूरकडच्या मालिकांत कलाकारांना तिथेच राहावे लागते. सीन बहुधा त्याच दिवशी हातात येतो. अर्ध्या तासाच्या भागात एकवीस-बावीस मिनिटांचा मजकूर असतो आणि साधारण तेवढा रोज चित्रित व्हावा लागतो. म्हणून पटकन पाठ करण्याची सवय लागते. प्रॉम्प्टिंगची सोय असते, पण तिच्यावर विसंबून राहिलेल्या अभिनेत्रीचे डोळे पडद्यावर दिसतात : समोरच्या पात्राकडे बघण्याऐवजी ते बाजूला ऐकत असतात.

नाटकातून आलेल्या अभिनेत्रीला पहिला धक्का कन्टिन्युइटीचा बसतो. समजा, सून चहाचा कप सासूपुढे ठेवते आणि 'आई, मला तुमच्याशी बोलायचंय' म्हणते. मास्टर शॉटमध्ये तिने कप उजव्या हाताने, 'मला' या शब्दावर ठेवला. सासूचा क्लोज झाला, जेवणाची सुट्टी झाली, प्रकाश बदलला आणि दोन तासांनी सुनेच्या क्लोजची वेळ आली. आता कप त्याच हाताने, त्याच शब्दावर, तितक्याच उंचीवरून खाली जायला हवा, आणि डोळ्यांतले पाणीही मघाच्याच जागी यायला हवे. समोर सासू नसते. असतो एक सहायक, तिची वाक्ये सपाट आवाजात वाचणारा. नाटकात भावना पहिल्या वाक्यापासून चढत जाते. इथे ती अर्ध्यातून सुरू करून हव्या त्या ठिकाणी थांबवावी लागते. यावर उपाय एकच : संपूर्ण सीन आधी आपल्यापुरता सलग बोलून बघणे आणि हालचाली शब्दांना बांधून घेणे. नाटकाच्या तालमीत लागलेली शिस्त इथे थेट कामी येते.

मालिका किती चालेल हे कुणाच्याच हाती नसते. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांची 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 अशी चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. उलट काही मालिका चार-पाच महिन्यांत आटोपतात आणि कलाकारांना ते आठ-दहा दिवस आधी कळते. टीआरपीच्या आकड्यांवरून कथेचे वळण बदलते, एखादे पात्र मागे पडते, कधी मरते. त्यामुळे मालिका मिळाली की मोठे कर्ज काढून घर आणि गाडी एकदम घेण्याचा मोह टाळावा. दीर्घ मालिकेचा दुसरा धोका अभिनयाचा आहे. वर्षानुवर्षे एकच पात्र, एकाच सुरात, रोज साकारताना हातचे चार हावभाव उरतात आणि अभिनेत्रीला ते जाणवतही नाही. प्रेक्षकांसमोरचा नाटकाचा प्रयोग ते दाखवून देतो, कारण खोटा हुंदका नाट्यगृहात लगेच उघडा पडतो.

तारखा

या व्यवसायात अभिनेत्रीबद्दल जे बोलले जाते त्यात अभिनयानंतर दुसरा मुद्दा तारखांचा असतो. एक वही किंवा मोबाइलमधली एकच दिनदर्शिका असावी. त्यात प्रयोग, चित्रीकरण, प्रवास आणि विश्रांतीचे दिवस लिहावेत. नाटकाची तारीख दिली की मालिकेच्या प्रॉडक्शनला त्याच दिवशी लेखी कळवावे. प्रयोगाची जाहिरात छापून तिकिटे विकली गेल्यावर तारीख मोडली तर निर्मात्याचे, नाट्यगृहाच्या भाड्याचे आणि सहकलाकारांच्या मानधनाचे नुकसान होते, आणि ही गोष्ट दादरच्या कट्ट्यांवर वर्षानुवर्षे आठवली जाते. दोन्हीकडे होकार देऊन शेवटच्या दिवशी एकाला फसवण्यापेक्षा आधीच नकार देणारी अभिनेत्री जास्त काम मिळवते.

रात्रीच्या प्रवासाबाबत कडक राहावे. भक्ती बर्वे 2001 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात गेल्या. डिसेंबर 2012 मध्ये त्याच मार्गावर आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे यांचा मृत्यू झाला. प्रयोग आटोपून मध्यरात्री निघायचे आणि सकाळी सातला सेटवर हजर व्हायचे, ही सवय या व्यवसायात कौतुकाची मानली जाते. ती बंद व्हायला हवी. प्रयोगानंतर त्याच गावात मुक्कामाची व्यवस्था, विश्रांती घेतलेला चालक आणि दुसऱ्या दिवशी दुपारचा कॉल टाइम मागणे हा अभिनेत्रीचा हक्क आहे, आणि ज्येष्ठ कलाकारांनी तो मागितला की धाकट्यांनाही मिळतो.

पैसा

मालिकेचे मानधन दिवसावर ठरते आणि हातात पडायला साधारण तीन महिने लागतात. पहिली मालिका मिळाल्यावर पहिले तीन महिने खर्च घरच्या पैशांतूनच करावा लागतो, याची कल्पना कुटुंबाला द्यावी. किती दिवस काम केले याची नोंद स्वतः ठेवावी आणि दर महिन्याला बिल वेळेवर पाठवावे. मानधनातून बहुधा 10 टक्के कर आधीच कापलेला असतो. विवरणपत्र भरले तर जास्तीचा परत मिळतो. वर्षाचे एकूण व्यावसायिक उत्पन्न 20 लाखांच्या पुढे गेले की जीएसटी नोंदणी लागते. पोशाख, प्रवास, व्यवस्थापकाचे कमिशन अशा खर्चाच्या पावत्या जपाव्यात आणि पहिल्याच वर्षी चार्टर्ड अकाउंटंट गाठावा.

इथे भविष्य निर्वाह निधी नसतो, बाळंतपणाची भरपगारी रजा नसते, आजारपणात पैसे मिळत नाहीत. आरोग्य विमा स्वतः काढावा लागतो आणि तो तरुणपणी, आजार नसताना काढलेला बरा. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय गुंतवणुकीचा विचार करू नये. त्यानंतर पीपीएफसारखी सुरक्षित योजना, ज्यात वर्षाला दीड लाखापर्यंत रक्कम भरता येते. व्यवहार वडील, नवरा किंवा भाऊ सांभाळत असले तरी बँकेचे खाते अभिनेत्रीच्या नावाचे असावे आणि त्याची माहिती तिला असावी. जुन्या पिढीतल्या कितीतरी कलावंत स्त्रियांचे म्हातारपण हलाखीत गेले; पैसा त्यांच्या हाती कधी आलाच नव्हता.

सुरक्षितता आणि मान

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा चित्रीकरणाच्या सेटला, तालमीच्या हॉललाही लागू होतो. दहा किंवा जास्त माणसे काम करतात तिथे निर्मात्याने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. ती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावी लागते, योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. संदेश, फोनच्या नोंदी, साक्षीदारांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. सिंटासारख्या कलाकार संघटनेचे सदस्यत्व लवकर घ्यावे. थकलेल्या मानधनाच्या तक्रारीतही संघटनेचा उपयोग होतो.

समाजमाध्यमांवर येणारी अश्लील टिप्पणी किंवा खलनायिका साकारल्याबद्दलच्या शिव्या वाचत बसू नयेत. धमकी असेल तर सायबर पोलिसांत तक्रार करावी. घरच्यांच्या मनातली भीती मात्र समजून घेण्यासारखी आहे. स्त्रीभूमिका पुरुषांनी करायच्या, हा नियम मोडून हिराबाई बडोदेकर आणि 1933 च्या 'आंधळ्यांची शाळा'तल्या ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रिया रंगमंचावर उभ्या राहिल्या, त्याला अजून शंभर वर्षे झालेली नाहीत. आई-वडिलांना तालमीला आणून बसवणे हा त्या भीतीवरचा साधा उपाय आहे.

वय आणि पुढची वाट

मालिकेत नायिकेचे वय फार लवकर संपते. तिशी-पस्तिशीच्या अभिनेत्रीला वीस वर्षांच्या मुलीची आई व्हायला सांगतात. तिथे नकार द्यायचा की होकार, हे त्या आईला कथेत काही करायला आहे का यावरून ठरवावे. रंगभूमी या बाबतीत उदार आहे. 1991 चे 'चारचौघी' 2022 मध्ये नव्या संचात आले तेव्हा आईची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली, आणि मुक्ता बर्वे, कादंबरी कदम, पर्ण पेठे या त्यांच्याबरोबर होत्या. एकाच नाटकात दोन-तीन पिढ्यांच्या अभिनेत्रींना तुल्यबळ काम मिळणे मालिकेत क्वचित घडते.

चाळिशीच्या सुमारास, कामाचा जोर असतानाच, दुसरा पायही रोवावा. निर्मिती हा त्यातला एक मार्ग. मुक्ता बर्वे यांनी 'कोडमंत्र'सारख्या नाटकाची निर्मिती करून त्यात मुख्य भूमिकाही केली. स्वतःला हवी ती भूमिका मिळण्याची वाट बघत बसण्यापेक्षा ती उभी करण्याची ही पद्धत आहे. मात्र निर्मितीत पैसा अडकतो, म्हणून पहिल्या नाटकात भागीदार घ्यावा आणि राहते घर तारण ठेवू नये. सुहास जोशी यांच्या 'स्मृतिचित्रे'सारखा एकपात्री प्रयोग कमी खर्चात, लहान सभागृहांत, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतही करता येतो. दिग्दर्शन, शिकवणे, बोलीचे प्रशिक्षण, डबिंगचे लेखन हे इतर पर्याय आहेत. उतारवयात राज्य सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठीची मासिक मानधन योजना आहे. अर्जासोबत केलेल्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. त्यासाठी पहिल्या एकांकिकेच्या पत्रिकेपासूनची कात्रणे, जाहिराती, करार आणि छायाचित्रे एका फाइलमध्ये आणि संगणकावर वर्षवार लावून ठेवावीत.